डॉ. ल्युसी विल्स आणि शाळेतील निळी गोळी



आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा मुलामुलींना एक निळी गोळी दिली जाते. तिच्या वाटपाचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक. औषधांशी माझा संबंध आजारी पडण्यापुरताच. तरीही यादी माझ्या हाती आली आणि मी खुणा करू लागलो. मुले गोळी तोंडात टाकत, वर पाणी पीत, मी नावापुढे बरोबरची खूण करी, आणि माझे कर्तव्य संपले असे मला वाटे.

एके दिवशी वर्ग सुटल्यावर बाकांखाली तीन-चार निळ्या गोळ्या पडलेल्या दिसल्या. त्याच महिन्यात सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी नववीतील एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिच्या अम्मीला बोलावून घेतले. मुलगी सकाळी काही न खाता शाळेत येते आणि गोळीने मळमळते, म्हणून गोळी घेऊ नकोस असे त्यांनीच तिला सांगितले होते. दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८ भरले. या वयाच्या मुलीत ते निदान १२ असावयास हवे. त्या माउलीला मी काय दोष देणार? ती गोळी कशासाठी आहे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर मलाही ते कोठे ठाऊक होते?

मग मी वाचू लागलो. या गोळीत दोन द्रव्ये असतात, एक लोह आणि दुसरे फॉलिक ॲसिड. यांतील दुसऱ्या द्रव्याच्या शोधाची कहाणी आपल्या नाशिकहून आगगाडीने साधारण चार तासांच्या वाटेवर असलेल्या मुंबईत, तेथील गरीब गर्भवती स्त्रियांच्या रक्ताच्या थेंबापासून सुरू होते, हे वाचून मी थक्क झालो. हा शोध लावणाऱ्या विदुषीचे नाव डॉ. ल्युसी विल्स. त्यांचे चरित्र आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बालपण आणि शिक्षण

ल्युसी विल्स यांचा जन्म इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथे १० मे १८८८ रोजी झाला. घराणे हत्यारे-अवजारे बनविणाऱ्या कारखानदारांचे. वडील विज्ञानाचे पदवीधर होते आणि आईचे वडील डॉक्टर होते. थोरली बहीण ईडिथ, धाकटा भाऊ गॉर्डन आणि मधली ल्युसी. घरात विज्ञानाची आवड होती आणि मुलींनी शिकू नये असे म्हणणारे कोणी नव्हते, हे तिचे भाग्य.

शालेय शिक्षण चेल्टनहॅम येथील मुलींच्या नामांकित शाळेत झाल्यावर १९०७ साली ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाली. वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र हे तिचे विषय. १९११ साली शिक्षण पुरे झाले. पण पदवी मात्र मिळाली नाही! कारण त्या काळी केंब्रिज विद्यापीठ मुलींना वर्गात बसू देई, परीक्षा देऊ देई, पण पदवी देत नसे. हा अन्याय १९४८ साली दूर झाला. मुलींच्या शिक्षणात मागे राहिल्याचा ठपका नेहमी आपल्याच समाजावर ठेवला जातो. जगातील एका अग्रगण्य विद्यापीठाची ही गोष्ट आपल्या विद्यार्थिनींनी म्हणूनच लक्षात ठेवावी.

१९११ सालीच वडील वारले. १९१३ मध्ये बहीण ईडिथ अवघ्या सव्वीस वर्षांची असताना गेली. दुःखी ल्युसी आईबरोबर सिलोनला आणि पुढे भावासोबत दक्षिण आफ्रिकेला जाऊन आली. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ती केपटाउनमध्ये होती. तेथे तिने काही काळ स्वयंसेवी परिचारिका म्हणून काम केले. आपण वैद्यक शिकावे, हा निश्चय याच सुमारास पक्का झालेला दिसतो. कारण १९१५ च्या आरंभी इंग्लंडला परतताच तिने लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ती डॉक्टर झाली. उशीर झाला म्हणून शिक्षण सोडणाऱ्यांनी हे वय ध्यानात घ्यावे.

दवाखाना काढून पैसा मिळविण्याच्या मार्गाला विल्सबाई गेल्या नाहीत. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गर्भवती स्त्रियांच्या विकारांचा अभ्यास त्यांनी हाती घेतला.

रक्तात असते तरी काय?

पुढची हकिकत नीट समजावी म्हणून रक्ताची थोडी ओळख करून घेऊ. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. ते गोठू न देता काचेच्या नळीत ठेवले की सावकाश त्याचे थर पडतात. वर फिकट पिवळसर पाणी दिसते, त्याला रक्तद्रव म्हणतात. तो निम्म्याहून थोडा अधिक असतो. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, आणि बाकी प्रथिने, क्षार, साखर इत्यादी पदार्थ असतात. अन्नरस सर्व अवयवांना पोहोचविणे आणि घाण मूत्रपिंडाकडे नेणे हे त्याचे काम. तळाशी गडद तांबडा थर बसतो, तो तांबड्या पेशींचा. या दोहोंच्या मध्ये एक अगदी पातळ पांढुरका थर असतो, त्यात पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका असतात.

पांढऱ्या पेशी या शरीराच्या शिपाई होत. रोगजंतू आत शिरले की त्या त्यांच्याशी झुंजतात. एका घन मिलिमीटर रक्तात त्या ४ ते ११ हजार असतात. रक्तबिंबिका, ज्यांना डॉक्टर प्लेटलेट म्हणतात, त्या दीड ते साडेचार लाख असतात. कोठे कापले-खरचटले की एकमेकींना चिकटून त्या भोक बुजवितात, आणि रक्तद्रवातील फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाचे धागे बनून त्यावर जाळे विणले जाते. डेंग्यूच्या साथीत या बिंबिका कमी झाल्याचे आपण नेहमी ऐकतो.

तांबड्या पेशी संख्येने सर्वांत अधिक असतात, घन मिलिमीटरला ४० ते ५० लाखांच्या घरात. त्यांच्यात हिमोग्लोबिन हे लोहयुक्त प्रथिन भरलेले असते. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि तो शरीराच्या कानाकोपऱ्यात नेऊन पोहोचवायचा, ही त्यांची हमाली. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसांत जाऊन मग डाव्या बाजूला येते, हे तेराव्या शतकातच दमास्कसजवळ जन्मलेल्या इब्न अल्-नफीस या हकिमाने लिहून ठेवले होते. युरोपला ते कळावयास आणखी तीनशे वर्षे लागली.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या मरतात, नव्या जन्मतात. हाडांच्या पोकळीतील मज्जेत दर सेकंदाला वीस लाखांच्या वर नव्या तांबड्या पेशी तयार होतात. एवढ्या मोठ्या कारखान्याला कच्चा माल पाहिजे, आणि तो येतो आपल्या ताटातून. ताट रिकामे तर कारखाना बंद, इतका हा साधा हिशेब आहे. परंतु हा हिशेब १९२८ साली पुरता कोणाला ठाऊक नव्हता.

मुंबईत आगमन

त्या काळी हिंदुस्थानात बाळंतपणात स्त्रिया फार मोठ्या प्रमाणावर दगावत. मुंबईत, विशेषतः कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांत, एक भयंकर प्रकारचा रक्तक्षय दिसून येई. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत बाई पांढरीफटक पडे, पाय सुजत, धाप लागे, आणि पुष्कळदा आई व मूल दोघेही हाती लागत नसत. या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी डॉ. मार्गारेट बालफोर यांनी विल्सबाईंना पाचारण केले. १९२८ च्या अखेरीपूर्वीच त्या मुंबईत येऊन परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाल्या. या कामाला लेडी टाटा स्मारक निधीचे साहाय्य होते.

या रोगात सूक्ष्मदर्शकाखाली एक विचित्र गोष्ट दिसे. तांबड्या पेशींची संख्या कमी, पण एकेक पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठी! लोह कमी पडले तर पेशी लहान आणि फिकट होतात. येथे उलटा प्रकार होता. म्हणजे दुखणे लोहाचे नव्हते, दुसरेच काही होते.

प्रथम बाईंना जंतूंचा संशय आला. त्यांनी त्या दिशेने कसून तपास केला, हाती काही लागले नाही. मग त्या घरांकडे वळल्या. मेहता आणि तळपदे या आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी मुंबईच्या निरनिराळ्या थरांतील स्त्रिया काय खातात, कशा घरांत राहतात, याची पाहणी केली. निष्कर्ष स्पष्ट होता. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांच्यात हा रोग सर्वांत अधिक. आणि त्यांत पहिला क्रमांक होता गरीब मुस्लिम स्त्रियांचा. त्यांच्या ताटात भाजीपाला, फळे, दूध यांचा जवळजवळ अभावच होता.

हे वाचताना मन खिन्न होते. पण यात समाजाची नालस्ती नाही, हेही समजून घेतले पाहिजे. रोगाचे मूळ जातीत नव्हते, धर्मात नव्हते. ते ताटात होते आणि ताटामागच्या गरिबीत होते. बाईंनी आजाराचे खापर आजारी स्त्रियांवर न फोडता त्यांच्या पातेल्यात डोकावून पाहिले, यातच त्यांचे मोठेपण आहे.

उंदीर, माकड आणि माणूस

आता हा तर्क प्रयोगाने सिद्ध करणे भाग होते. बाईंनी गाभण उंदरिणींना मुंबईच्या गरीब स्त्रियांसारखाच आहार दिला. त्यांनाही रक्तक्षय झाला आणि पिले होण्यापूर्वीच त्या मेल्या. आहारात यीस्ट घातले की रोग टळे. परंतु विज्ञानाची वाट कधी सरळ नसते. उंदरांच्या अंगावरील उवांतून एक जंतुसंसर्ग पसरत होता आणि त्यामुळे या प्रयोगांच्या निष्कर्षात गोंधळ झाल्याचे पुढे लक्षात आले. बाई खचल्या नाहीत. त्यांनी माकडांवर प्रयोग सुरू केले.

माकडांनाही तोच निकृष्ट आहार दिला, आणि तीही आजारी पडली. त्यांतील एक माकड अगदी मरणाच्या दारात पोहोचले होते. त्याला मार्माइट दिले. मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क, इंग्लंडात तो पावाला लावून खातात. आणि काय आश्चर्य! ते माकड झपाट्याने सुधारले. मग हाच स्वस्त अर्क रुग्ण स्त्रियांना देण्यात आला, आणि गुण चकित करणारा आला. मज्जेतील बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू झाला. रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ साली हा शोध ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या काळात बाईंनी १९२९ मध्ये काही महिने निलगिरीतील कुन्नूर येथे आणि १९३१ मध्ये मद्रासच्या स्त्रियांच्या इस्पितळातही काम केले. पुढे १९३७ च्या हिवाळ्यात त्या पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकिनमध्ये आल्या. या वेळी त्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून, ठिकठिकाणी मुक्काम करीत आल्या. त्या सुमारासच्या कामातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट ठरली. दुसऱ्या एका घातक रक्तक्षयावर लागू पडणारा, शुद्ध केलेला कलेजीचा अर्क या स्त्रियांना उपयोगी पडत नव्हता. साधा, कमी शुद्ध केलेला अर्क मात्र उपयोगी पडत होता. म्हणजे कलेजीत आणि यीस्टमध्ये आजवर माहीत नसलेले एक वेगळेच द्रव्य होते. त्याला विल्स फॅक्टर असे नाव पडले.

पालकाच्या पानातून

हे द्रव्य कोणते, हे कळावयास आणखी काही वर्षे गेली. १९४१ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात शास्त्रज्ञांनी चार टन पालकाची भाजी वापरून त्यातून एक द्रव्य वेगळे काढले. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याचे नाव ठेवले फॉलिक ॲसिड. १९४५ साली ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार झाले. ते तयार करणाऱ्या लेडर्ले कंपनीच्या संशोधन पथकाचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरमचे सुपुत्र डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईच्या गिरणगावात सुरू झालेल्या शोधाला एका भारतीयाचाच हात लागावा, हा सुखद योगायोग होय.

पेशी दुभंगून एकीच्या दोन होताना तिच्यातील आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डीएनएची, नवी प्रत तयार व्हावी लागते. या कामाला फॉलिक ॲसिड हवे. ते नसेल तर पेशी वाढत राहते, पण वेळेवर दुभंगत नाही. म्हणूनच विल्सबाईंना रक्तात थोड्या आणि मोठाल्या पेशी दिसल्या होत्या. गर्भारपणात तर आईच्या आणि बाळाच्या असंख्य पेशी दुभंगत असतात, त्यामुळे गरज वाढते आणि साठा संपतो. १९९१ साली एका मोठ्या पाहणीने हेही सिद्ध झाले की, गर्भ राहण्यापूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या मेंदूतील व पाठीच्या कण्यातील बरीचशी जन्मजात व्यंगे टळतात. हा भाग गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांतच तयार होतो. तेव्हा पुष्कळदा आईला आपण गर्भवती असल्याचे ठाऊकही नसते.

अखेरची वर्षे

दुसऱ्या महायुद्धात विल्सबाई लंडनमध्येच राहून काम करीत होत्या. जुलै १९४४ मध्ये त्यांच्या रुग्णालयावर जर्मनांचा उडता बाँब पडला, माणसे मेली, तरी काही दिवसांतच प्रयोगशाळेचे काम पुन्हा सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत त्या विकृतिशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या. त्या रुग्णालयातील पहिला रक्तशास्त्र विभाग त्यांनीच उभारला. १९४७ साली त्या निवृत्त झाल्या. पण स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा दूरच्या देशांत जाऊन त्यांनी आहार आणि रक्तक्षय यांचा अभ्यास चालू ठेवला. त्यांनी लग्न केले नाही. राहणी साधी होती, रुग्णालयात त्या सायकलवरून जात. आयुष्याच्या अखेरच्या दहा वर्षांत त्या लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षातर्फे नगरसेविका होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

आपण काय बोध घ्यावा?

आज फॉलिक ॲसिड पैशांच्या हिशेबात मिळते. गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. यातील पुष्कळ रक्तक्षय लोहाच्या अभावी होतो, काही फॉलिक ॲसिड आणि बी-१२ यांच्या अभावी, तर काही अन्य कारणांनी. कारण कोणते, हे डॉक्टरांनीच ठरवावे. पण विल्सबाई ज्या ठिकाणी पोहोचल्या होत्या, त्या आपल्या ताटाकडे तर आपण आजच पाहू शकतो.

आपला नाशिक जिल्हा भाजीपाल्याचे आगर आहे. पालक, मेथी, चवळीचा पाला या भाज्यांत हे द्रव्य भरपूर असते. हरभरा, मूग, मटकी, शेंगदाणे आणि कलेजी यांतही ते मिळते. भाजी फार वेळ उकळल्याने ते नष्ट होते आणि उकळलेले पाणी फेकले तर त्याबरोबर वाहून जाते. म्हणून भाजी बेताची शिजवावी व ते पाणी वरणात किंवा सालनात घालावे. जेवणात लिंबू पिळले तर लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते लागत नाही. निळी गोळी उपाशीपोटी घेऊ नये. काही खाऊन घेतली की मळमळ पुष्कळ कमी होते. शौचाचा रंग काळसर झाला तर घाबरू नये, तो लोहाचा परिणाम असतो.

आणखी एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. जुन्या नाशिकच्या गल्लीत काय, मालेगावच्या मागावर काम करणाऱ्यांच्या घरांत काय, किंवा अन्य कोणत्याही समाजाच्या घरात काय, पुरुष आणि मुलगे आधी जेवतात, आणि पातेल्याच्या तळाशी जे उरेल ते घरातील बाईच्या व मुलीच्या वाट्याला येते. ही रीत कोणी मुद्दाम घातलेली नाही, ती प्रेमापोटी आणि सवयीने चालत आली आहे. परंतु ज्या बाईला दोन जिवांचे रक्त तयार करावयाचे आहे, तिचेच ताट शेवटचे असावे, हे योग्य नव्हे. मुलीला शाळेत धाडणे हे जसे आपले कर्तव्य, तसेच तिला पोटभर खाऊ घालून धाडणे हेही कर्तव्यच आहे. चक्कर येत असलेल्या मुलीच्या डोक्यात आम्ही शिक्षक काय भरणार?

ती नववीतील मुलगी आता घरून खाऊन येते आणि गोळी नियमाने घेते. डॉक्टरांच्या औषधाने तिचे हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले आहे. मीही आता यादीत खूण करण्यापूर्वी गोळी गिळली की नाही हे पाहतो, आणि वर्षातून एकदा मुलांना ल्युसी विल्सची गोष्ट सांगतो. परळच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या त्या बाईला ज्यांनी आपले रक्त दिले, त्या गरीब मातांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. त्या आपल्याच होत्या. त्यांच्या रक्तातून मिळालेले ज्ञान आपल्याच मुलींच्या बाकाखाली पडून राहू नये, इतकीच विनंती करून हा लेख संपवितो.